यंत्र आले, गुरुजींचे काय?

गरिबाच्या मुलाला स्वस्त लॅपटॉप द्यावा, याविषयी कोणाही विचारी माणसाचे दुमत नसावे. ज्याच्या घरी पुस्तकांची एक फळीही नाही, त्याला हे साधन श्रीमंताच्या मुलाइतक्याच हक्काने मिळाले पाहिजे. मात्र ते हाती पडल्यावर पुढे काय, याचा विचार आपल्या योजनाकारांनी क्वचितच केला.

शंभर डॉलरांत लॅपटॉप तयार करण्याचा संकल्प निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ साली दावोस येथे जाहीर केला. त्यातून निघालेले यंत्र खरोखरच कल्पक होते. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई. वीज अत्यल्प लागे. किंमत मात्र २००७ साली उत्पादन सुरू होईतो दोनशे डॉलरांच्या घरात गेली. त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट या खेड्याच्या एकशिक्षकी शाळेतही ही यंत्रे आली.

शाळांना चैनीच्या साधनांपेक्षा वर्गखोल्यांची आणि शिक्षकांची निकड अधिक आहे, असे कारण देऊन भारत सरकारने २००६ साली ही योजना नाकारली होती. कारण रास्त होते. परंतु पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, त्याच शिक्षण खात्याने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हे टॅब्लेट मोठ्या समारंभाने पुढे आणले. त्याच्या मंद गतीच्या आणि लवकर संपणाऱ्या बॅटरीच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. स्वस्ताईच्या स्पर्धेत जिंकलेले ते यंत्र वापराच्या परीक्षेत नापास झाले.

पेरू देशाचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे सरकारने लाखो लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे पंधरा महिन्यांच्या वापरानंतरही गणितात व भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची अध्यापनाची रीत फारशी बदललेली नव्हती. जे शिकवणे पूर्वी होते, तेच यंत्राच्या सोबतीने चालू राहिले.

उरुग्वेने २००७ साली हाच मार्ग धरला, पण त्यासाठी ‘सैबाल’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारून शाळाशाळांत इंटरनेट नेले आणि दुरुस्तीची सोय केली. तेवढ्यानेही गुण वाढले नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तथापि, इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नसलेल्या त्या देशाने २०१२ पासून दूरच्या शिक्षकाला पडद्यावरून थेट वर्गात आणले आणि वर्गातील शिक्षकाला त्याच्या जोडीला उभे केले. यंत्राला शिक्षकाचा पर्याय न मानता शिक्षकाला आणणारे वाहन मानले, हे त्या देशाचे शहाणपण!

आपल्याकडे मात्र निविदा निघते ती यंत्राच्या किमतीची. दुरुस्ती कोण करणार, वीज गेल्यास काय, शिक्षकाचे प्रशिक्षण किती दिवसांचे, हे प्रश्न वाटपसमारंभाच्या छायाचित्रात मावत नाहीत. म्हणूनच यापुढे शाळांसाठी होणाऱ्या प्रत्येक खरेदीत देखभाल आणि शिक्षक-प्रशिक्षण यांची निदान पाच वर्षांची तरतूद बंधनकारक असावी. तेवढा पैसा नसेल तर यंत्रे कमी घ्यावीत, पण ती चालती ठेवावीत. गरिबाच्या मुलाच्या वाट्याला नेहमी स्वस्त वस्तू येते. ती बंद पडली की तिची विचारपूस करायला कोणी फिरकत नाही. ही रीत मोडल्याखेरीज शिक्षणातील समतेची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही.