क्यूनंतर यू नाही? मग तो शब्द बहुधा आपल्या ओळखीचा

इंग्रजीतले लांबलचक शब्द दिसले की उर्दू आणि मराठी माध्यमातली बरीच मुलं आधीच हात टेकतात. घरी अम्मी-अब्बांचं इंग्रजी शिक्षण झालेलं नसेल तर ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरूनच जातं. अशा घरांसाठी एक खेळ आहे. त्याला एक डिक्शनरी लागते आणि एकच अक्षर: क्यू.

शाळेतला नियम सगळ्यांना माहीत असतो. इंग्रजीत क्यू आला की पाठोपाठ यू येतो. क्वीन, क्वेश्चन, इक्वेशन. मोठे शब्दही याच नियमाने चालतात. ओळख या अर्थाचा ‘अक्वेंटन्स’ 12 अक्षरांचा, प्रश्नावली या अर्थाचा ‘क्वेश्चनेअर’ 13 अक्षरांचा. नियम पक्का असेल तर एवढ्या मोठ्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं जोडीनेच लक्षात राहतात. जुन्या इंग्रजीत हा नियम नव्हता. ‘क्वीन’ची सुरुवात तेव्हा सी आणि डब्ल्यूने होत असे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे त्यांच्या लिहिणाऱ्यांनी लॅटिन-फ्रेंच वळणाचा क्यू-यू रूढ केला.

आता उलटा शोध घ्या. क्यू आहे, पण पुढे यू नाही, असे शब्द काढायचे. मोठ्या डिक्शनरीत क्यूचं पान उघडा. क्यू-यूचे शब्द सुरू होण्याआधी मोजकेच शब्द असतात, ते वहीत उतरवा. क्यू शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी असेल तर डिक्शनरीच्या काही वेबसाइट मदत करतात. माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी तारा (*) टाकायचा, मधे क्यू लिहायचा, की यादी समोर येते. त्यातले यू असलेले शब्द खोडत जायचं.

उरतं काय? बुरका, निकाब, किब्ला, तलाक, फकीर, काझी, कव्वाली. आठ अक्षरांचा ‘मुकद्दम’ही सापडतो. वडप्याच्या आसपास महामार्गालगतच्या गोदामांत माल उतरवणाऱ्या टोळीचा जो मुकादम असतो, तोच हा शब्द. आणखी एक आठ अक्षरी शब्द आहे ‘काइमकाम’, म्हणजे तुर्की अमलातला एक अधिकारी. त्यात तर क्यू दोनदा येतो, आणि यू एकदाही नाही! सगळेच शब्द अरबी आहेत असं नाही. चिनी ‘ची’ आहे, अल्बेनियाचं नाणं ‘किंदार्का’ आहे, कीबोर्डच्या पहिल्या सहा अक्षरांचा ‘क्वर्टी’ आहे. पण बहुतेक शब्द ज्या घरात उर्दू आहे तिथल्या मुलाला अर्थासकट आधीच येतात.

याचं कारण सरळ आहे. अरबी-उर्दूत दोन काफ आहेत. ‘किताब’चा छोटा काफ आणि ‘कलम’चा बडा काफ. छोट्यासाठी इंग्रजीत के आला आणि बड्यासाठी क्यू. ‘कुरआन’च्या स्पेलिंगमध्ये क्यूनंतर यू दिसतो, पण तो पेशचा उच्चार आहे, ‘क्वीन’मधला ‘क्व’ नव्हे. ही वाटणी उगाच झालेली नाही. बडा काफ आणि क्यू ही दोन्ही अक्षरं एकाच जुन्या फिनिशियन अक्षरातून निघाली आहेत. पुरावा हवा असेल तर 786 चा हिशेब ज्यावर चालतो ते अबजद आठवा. त्यातलं ‘कलमन’ म्हणजे काफ, लाम, मीम, नून. इंग्रजीत के, एल, एम, एन. पुढचं ‘करशत’ म्हणजे बडा काफ, रे, शीन, ते. इंग्रजीत क्यू, आर, एस, टी. क्रम तोच! मुलांना हे फळ्यावर लिहून दाखवा, इंग्रजीची अर्धी भीती तिथेच जाते.

या खेळाची एक गंभीर बाजू आहे. मराठीत दोन्ही काफांना एकच ‘क’. त्यामुळे मराठी कागदावरून नाव इंग्रजीत उतरवताना एकजण के लिहितो, दुसरा क्यू. कुरेशी, काझी, सिद्दीकी, इक्बाल, तारिक, अश्फाक या नावांत हे हमखास होतं. डिक्शनरीत फकीर के आणि क्यू दोन्हींनी चालतो. कागदपत्रांत असं चालत नाही. आधारवर के, मार्कशीटवर क्यू आणि बापाच्या पासपोर्टवर तिसरंच, मग अॅडमिशन आणि स्कॉलरशिपच्या वेळी पळापळ.

यात के चूक आणि क्यू बरोबर असं काही नाही. घराण्यात जे चालत आलं ते ठेवा, पण सगळीकडे एकच ठेवा. जन्मदाखला, आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक एकदा शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. हे काम दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी उरका. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते, दाखला हातात पडल्यावर चकरा वाढतात. आणि जुळवण्याचं काम मुलांनाच सांगा. क्यू शोधायला ती आता शिकलेली असतील.