माहूरकरांनो, १३ एप्रिल २०२९ची रात्र राखून ठेवा!

दुर्बीण लावली की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तो दगड पडून पृथ्वी बुडणार का हो?" तो दगड म्हणजे अपोफिस, २००४ साली सापडलेला, सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह. उत्तर: नाही. रडारने मोजमाप करून नासाने २०२१मध्येच सांगितलं की पुढची किमान शंभर वर्षं त्याच्याकडून धोका नाही. टीव्हीवाले मात्र अजून बुडवतातच!

पण तो येणार जवळून. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून फक्त ३२ हजार किलोमीटरवरून. आपल्या डिशचे उपग्रह साधारण ३६ हजारांवर असतात, म्हणजे हा त्यांच्याही खालून जाणार. सगळ्यात जवळ येईल तो भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास. त्याआधी मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडे सरकणारा ठिपका शोधा. दुर्बिणीची गरज नाही. अमावास्या आहे, त्यामुळे चंद्राची आडकाठी नाही. भीमजयंतीच्या तयारीत गाव जागं असेलच, थोडं वर बघा!

दगड खरंच आदळला तर काय होतं, हे पाहायला लोणारला जा. आपल्या गडासारख्याच काळ्या बेसाल्टमध्ये १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलंय. आणि उपाय? २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फस नावाच्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याच्याभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त घटला.

एकच विनंती: त्या रात्री अंगणातले, गच्चीवरचे दिवे बंद ठेवा आणि लेकरांना उठवा.