चिनी मेजवानीची खोली

चीन देश सोलापूरकरांस अगदीच परका नाही. येथे १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली हिंदी वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. आपल्या नगरीचा हा पुत्र ज्या लोकांत मिसळला, ते पाहुण्यास जेवावयास कसे बसवितात, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

आपली पंगत उघड्यावर बसते व प्रत्येकाचे पान निराळे असते. चिनी मेजवानीची रीत नेमकी उलट : खोली बंद आणि पदार्थ सर्वांत सामाईक. मोठ्या भोजनगृहांतून अशा स्वतंत्र खोल्या मुद्दाम राखलेल्या असतात. ही चाल फार जुनी. कैफेंग ही राजधानी ११२७ साली शत्रूच्या हाती पडली. तिच्या वैभवाचे वर्णन मेंग युआनलाओ याने पुढे लिहून ठेवले. तेथील मद्यगृहांत लांब ओसऱ्यांना लागून लहान लहान खोल्यांच्या रांगा असत. खाणावळींतील वाढपी डाव्या हातात तीन वाडगे घेऊन उजव्या हातावर थेट खांद्यापर्यंत सुमारे वीस वाडगे रचून आणी! एकाचा पदार्थ दुसऱ्यास गेला, तर मालक त्याचा पगार कापी, प्रसंगी त्यास हाकलूनही देई.

मेज वाटोळे असले तरी सर्व जागा सारख्या नव्हेत. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. पुष्कळ ठिकाणी तेथे यजमान बसतो व मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हातास. म्हणून आपण होऊन खुर्ची धरू नये. वडील मंडळींनी घास घेतल्यावाचून इतरांनी आरंभ करू नये. चहा आधी शेजाऱ्यास ओतावा. जेवणाच्या काड्या भातात उभ्या रोवू नयेत. मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारख्या त्या दिसतात. आपला पेला वडिलांच्या पेल्याहून किंचित खाली धरावा. मद्याचा आग्रह आम्हांस मुळीच पसंत नाही. पण चहाचा पेला उचलूनही तेथे यजमानाचा मान राखता येतो.

आता सामाईक पदार्थाविषयी. सर्वांनी आपापल्या काड्या एकाच भांड्यात घालाव्या, हे आपल्याकडील वडील मंडळींस 'उष्टे' वाटेल. चीनमध्येही यास हरकत घेतली गेली. मांचुरियातील १९१०-११ च्या प्लेगशी झुंजलेले डॉ. वू लिएन-ते यांनी क्षयाचा प्रसार टाळण्यासाठी, मेजाच्या मध्यावर फिरते तबक ठेवावे व प्रत्येक पदार्थास वाढण्याचा निराळा चमचा असावा, असे सुचविले. आमच्या कित्येक मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळी एका प्याल्याऐवजी लहान लहान पेले आले, तेही रोगाच्याच धास्तीने. परंतु आपल्या देशात शेजाऱ्याचे अन्न टाळले गेले ते बहुतकरून जातीच्या विटाळाने. वू यांचा आक्षेप जंतूंना होता, जेवणाऱ्या माणसास नव्हे. ही दोन भये मुलांनी एक समजू नयेत. वू यांच्या योजनेत कोणी मेजावरून उठला नाही.

२०२० च्या साथीत वाढण्याच्या निराळ्या काड्या वापरण्याचा तेथे पुन्हा जोराने प्रचार झाला. पाहुण्यांच्या खोलीत त्या सहज चालतात. घरच्या जेवणात मात्र अनेकांस त्या परकेपणाची खूण वाटतात.