सामूहिक संगणक प्रणाली विकास : सुधारित पॅचच्या नोंदींचे महत्त्व

मुक्त स्रोत संगणक प्रणाली आज अर्थव्यवस्थेच्या पायाभूत सुविधांचा भाग बनल्या आहेत. अँड्रॉइड भ्रमणध्वनीपासून महासंगणकापर्यंत अनेक यंत्रणा 'लिनक्स' या गाभ्यावर म्हणजेच कर्नलवर चालतात. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात आज जगभरातील हजारो अभियंते सहभागी होतात. त्यांपैकी बहुसंख्य एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. तरीही हे सहकार्य टिकून आहे, त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे लेखी नोंदींची शिस्त.

पॅच म्हणजे काय?

प्रणालीच्या कोडमध्ये सुचवलेल्या बदलाच्या मसुद्याला 'पॅच' म्हणतात. वगळायच्या ओळींपुढे उणे आणि नव्या ओळींपुढे अधिक चिन्ह असते. त्यासोबत मूळ समस्या कोणती आणि हा उपाय का निवडला, हे सांगणारे निवेदन जोडावे लागते. परीक्षक कोड वाचून आक्षेप नोंदवतात, लेखक सुधारणा करतो आणि दुसरी आवृत्ती पाठवतो. गुंतागुंतीच्या बदलांना अशा अनेक आवृत्त्यांतून जावे लागते. त्यानंतर संबंधित विभागाचा देखभालकर्ता तो बदल स्वीकारतो.

दोन नोंदी, दोन वाचक

लिनक्सच्या पद्धतीत दोन प्रकारच्या नोंदींत काटेकोर फरक केला जातो. पहिली नोंद बदलाच्या कारणाची. ती प्रकल्पाच्या इतिहासात कायमची जतन होते आणि अनेक वर्षांनी दोष शोधणाऱ्या अभियंत्याला उपयोगी पडते. दुसरी नोंद आवृत्त्यांमधील फरकाची. ती तीन आडव्या रेघांच्या खाली लिहिली जाते. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये विकसित केलेली 'गिट' ही यंत्रणा पॅच स्वीकारताना रेघांखालचा हा मजकूर वगळते. मागील मसुद्यात कोणती चूक होती, याच्याशी भविष्यातील वाचकाला कर्तव्य नसते. आजच्या परीक्षकाला मात्र नेमके तेच हवे असते.

समजा, एका उपकरणाच्या चालक प्रणालीतील दोष दूर करणारा पाच पॅचचा संच तिसऱ्यांदा पाठवला जात आहे. 'परीक्षकांच्या सूचनेनुसार सुधारणा केल्या' एवढेच लिहिल्यास परीक्षकाला पाचही पॅच पुन्हा मुळापासून वाचावे लागतात. उलट, 'दुसऱ्या पॅचमध्ये उपकरण सुरू न झाल्यास राखीव मेमरी मुक्त केली. चौथ्यातील नाव बदलण्याची सूचना स्वीकारली नाही, कारण ते नाव अन्य विभागही वापरतात. उर्वरित तीन पॅच जसेच्या तसे' अशी नोंद असल्यास परीक्षक थेट संबंधित जागी जाऊ शकतो. न स्वीकारलेल्या सूचनेचे कारण देणे विशेष आवश्यक असते, अन्यथा सूचना दुर्लक्षित झाली असाच समज होतो. आवृत्तीचा क्रमांक शीर्षकातच देण्याचाही प्रघात आहे.

अर्थशास्त्रीय बाजू

या व्यवहारात कोड मुबलक असतो. दुर्मीळ असते ते परीक्षकाचे अवधान. शिवाय येथे माहितीची विषमता आहे. काय बदलले हे लेखकाला ठाऊक असते, परीक्षकाला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अशा विषमतेचे परिणाम दाखवले होते. वस्तूचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नसेल, तर चांगल्या वस्तूलाही योग्य मोल मिळत नाही. अस्पष्ट पॅचचेही तसेच होते. उत्तम बदलही वाचकाविना पडून राहतो.

नोंद लिहिण्याचा खर्च एकट्या लेखकावर पडतो, लाभ मात्र सर्व परीक्षकांत वाटला जातो. असे बाह्य लाभ असलेले काम केवळ स्वेच्छेवर सोडल्यास ते अपुरे होते. म्हणूनच लिनक्ससारखे प्रकल्प त्यासाठी लेखी नियम करतात.

विश्वास आणि उत्तरदायित्व

परीक्षण हा केवळ सोपस्कार नव्हे. 'ओपनएसएसएल' या सुरक्षा प्रणालीत डिसेंबर २०११ मध्ये समाविष्ट झालेल्या एका बदलात माहितीची लांबी तपासण्याचे राहून गेले. 'हार्टब्लीड' नावाने ओळखला जाणारा हा दोष एप्रिल २०१४ मध्ये जाहीर होईपर्यंत असंख्य संकेतस्थळांवर पोहोचला होता. परीक्षणातून एक तपासणी निसटली, तर तिची किंमत किती मोठी असू शकते, हे यावरून दिसते.

लिनक्समध्ये पॅच तपासणाऱ्याचे नाव मान्यतेची खूण म्हणून निवेदनात नोंदवले जाते. पुढील आवृत्तीत मोठा बदल झाल्यास जुनी मान्यता लागू राहीलच असे नाही. अशा वेळी लेखकाने ती काढून टाकावी व तसे आवृत्तीच्या नोंदीत सांगावे, अशी अपेक्षा असते. न वाचलेल्या कोडखाली कोणाचीही संमती राहू नये, हा त्यामागील हेतू आहे.

भारतीय संदर्भ

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत प्रणालींचा अवलंब करण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी शासकीय प्रणालींचा स्रोत खुला करून सहयोगाने विकास करण्याचे धोरणही आखले गेले. 'आरोग्य सेतू' या अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड मे २०२० मध्ये खुला करण्यात आला.

परंतु कोड खुला करणे ही केवळ पहिली पायरी होय. बाहेरच्या अभियंत्याने सुचवलेला बदल समजून घेणे, तपासणे आणि त्याचा निर्णय कारणांसह नोंदवणे, ही क्षमता प्रत्येक संस्थेत निर्माण व्हावी लागते. अभियांत्रिकी शिक्षणात कोड लिहिण्यावर जेवढा भर दिला जातो, तेवढाच केलेला बदल दुसऱ्याला समजावून सांगण्यावरही दिला गेला पाहिजे. मुक्त स्रोत ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिची देखभाल अशा स्पष्ट, प्रामाणिक नोंदींच्या आधारेच होऊ शकते.