भोकाचा पैसा

जुन्या डब्यात किंवा आजीच्या गाठोड्यात कधीकधी एक तांबूस नाणे सापडते. त्याच्या बरोबर मधे गोल भोक असते. पोरे विचारतात, "हा पैसा मोडका आहे का?" मोडका नव्हे. हा भोकाचा पैसा. टांकसाळीतून तो असाच बाहेर पडला. टांकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा सरकारी कारखाना.

पैशाला भोक कशासाठी बरं?

त्या काळी १६ आण्यांचा रुपया होता आणि ४ पैशांचा आणा. म्हणजे रुपयाला ६४ पैसे. दुसरे महायुद्ध पेटले आणि तांब्याची टंचाई झाली. काडतुसांना तांबे हवे, तारांना तांबे हवे. इकडे बाजारात मोड मिळेना. सुट्ट्या पैशांवाचून मीठ-मिरची घेणे अवघड झाले. नाणी पुष्कळ हवीत, धातू मात्र थोडा! मग सरकारने तोड काढली. १९४३ साली पैसा लहान केला आणि मधे भोक ठेवले. आधीचा पैसा जवळजवळ ५ ग्रॅम वजनाचा होता. हा भरला सुमारे २ ग्रॅम. एकाच्या धातूत दोन पैसे होऊ लागले. १९४७ पर्यंत असे पैसे पाडले गेले.

भोकामुळे राजाच्या चेहऱ्याला जागाच राहिली नाही. म्हणून त्यावर नुसता मुकुट आहे. आपल्या लोकांनी त्या भोकाचाही उपयोग केला. कुणी तो पैसा करगोट्यात ओवून पोराच्या कमरेला बांधला. कुणी बोल्टाखाली वायसर म्हणून घातला.

चीन देशात तर फार पूर्वीपासून नाण्यांना चौकोनी भोक असे. लोक ती दोरीत ओवून माळ करून नेत. जपानमध्ये आजही ५ आणि ५० येनच्या नाण्यांना भोक आहे.

पण प्रत्येक भोक टांकसाळीतले नसते. चांदीचे रुपये माळेत ओवायचे म्हणून सोनाराकडून भोक पाडून घेत. हे ओळखायचे कसे? टांकसाळीतले भोक बरोबर मधे असते. त्यामुळे एकही अक्षर तुटत नाही. नंतर पाडलेले भोक बहुधा काठाजवळ असते. ते अक्षर किंवा चित्र कापून जाते. अशा नाण्याला संग्रह करणारे कमी दाम देतात. चांदीची किंमत मात्र राहते.

तुम्हाला आता वाचता येते. मग नाणे वाचा. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर 'श्री राजा शिव' अशी अक्षरे आहेत. भोकाच्या पैशावर सालाचे आकडे आहेत, ते इंग्रजीत. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका. अक्षरे झिजतात आणि मोल उतरते. भंगारवाल्याला वजनावर तर देऊच नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा.

शेतात नांगरताना नाण्यांचे मडके लागले तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणे, जमिनीत दडलेले १० रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर आपला हिस्सा जातो आणि शिक्षाही होते.

पैशाचे रूप बदलत आले आहे. १९५७ साली आणे-पै जाऊन रुपयाचे १०० नवे पैसे झाले. डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या मुरबाड तालुक्यातले धसई रोकड नसलेले गाव म्हणून गाजले. तिथे दुकानदार कार्डावर पैसे घेऊ लागले. पैसा हाताला न लागता चालू लागला. तसे ठकही दारात न येता फोनवरून येऊ लागले. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडी फी भरा," असे ते सांगतात. रिझर्व्ह बँकेचे नावही घेतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावले आहे, की ती असा व्यवहार करीत नाही आणि अशी फी घ्यायला तिने कोणालाही नेमलेले नाही.

भोकाचे पैसे भरपूर पाडले होते. ते लाखमोलाचे नाहीत. कुणी लाख सांगितले, तर एकच लक्षात ठेवा. विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, भरायचे नसतात.