मांडीवर आडवी गिटार

1934 साली गिब्सन कंपनीने अठरा इंच रुंदीची एक गिटार बाजारात आणली. किंमत चारशे डॉलर, म्हणून नावच ‘सुपर 400’. मंदीच्या त्या दिवसांत नवीकोरी फोर्ड मोटार याहून फार महाग नव्हती. जाझच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात ब्रासच्या गदारोळातही ऐकू जावी म्हणून घडवलेलं हे वाद्य छातीशी धरून पिकने छेडायचं.

जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी ते मांडीवर आडवं टाकलं. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तो नट त्यांनी उंच करून घेतला. तारा फ्रेटबोर्डापासून चांगल्याच वर उचलल्या गेल्या. षड्जाचा भरणा देणारी एक जादा तार जोडली आणि डाव्या हातात पोलादी कांडी धरली. जुन्या गिटारींच्या लिलावात अशा फेरफारांपुढे ‘मॉडिफाइड’ असा शिक्का बसतो आणि बोली खाली येते. काबरांच्या बाबतीत मात्र याच फेरफारांतून वाद्य जन्माला आलं. 1967 साली एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीतांच्या पहिल्या पिढीतले गायक, यांनी शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आणून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी काढली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. भारतीय वाद्यसंगीताच्या ज्या मोजक्या तबकड्या जगभर घरोघरी गेल्या, त्यांत ती आहे. तिच्यातला अहिरभैरव ऐकताना हे वाद्य अमेरिकेतल्या जाझवाल्यांसाठी बनलं होतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारीला जगभर लॅप स्टील म्हणतात. आपल्याकडे ती सर्रास ‘हवाईन गिटार’. तिच्यावर तार दाबायची नसते. कांडी तारेवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. पडदे असतात, पण त्यांचं काम रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाएवढंच. सूर कुठे आहे ते डोळ्यांना सांगायचं, बाकी जबाबदारी कानाची. कांडी पडद्याच्या बरोबर वर आली पाहिजे, जरा अलीकडे राहिली की सूर उतरला. इलेक्ट्रिक लॅप स्टीलवर तारेची लांबी बहुधा साडेबावीस इंचांच्या आसपास असते, म्हणजे चुकीला जागा आणखी कमी. शिवाय कांडीच्या मागची तार आपली आपण झणझणते, तिला आवरायला डाव्या हाताची उरलेली बोटं मागून हलकी टेकवत न्यावी लागतात. नवशिक्याची पहिले काही महिने इथेच दमछाक होते.

ते जमलं की मिळणारी गोष्ट मात्र दुसऱ्या कुठल्या गिटारीत नाही. सतारीवर तार ओढून मींड काढतात, पण ओढायला मर्यादा आहे. इथे तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मींड आहे. गळ्याची नक्कल करण्यात हे वाद्य सारंगी-व्हायोलिनच्या पंगतीला बसतं, आणि हिंदुस्थानी कानाला ते इतक्या लवकर आपलं का वाटलं, याचं उत्तरही तिथेच आहे.

जन्मकथा हवाई बेटांतली. ओआहू बेटावरच्या लाये गावचा जोसेफ केकुकू, जन्म 1874. सांगतात ते असं, की रेल्वेच्या रुळालगत सापडलेला बोल्ट गिटारीच्या तारांवरून घसरला आणि पोराला तो आवाज आवडला. मग त्याने कंगवा वापरून पाहिला, चाकू वापरून पाहिला, आणि शेवटी शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोलादाची कांडी घडवली. दुसरीही एक कहाणी आहे आणि ती आपल्याला जास्त गोड लागेल अशी आहे. गेब्रियल डेव्हियन नावाचा हिंदुस्थानात जन्मलेला एक तरुण, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून होनोलुलूला नेलेला, केकुकूच्याही आधी तारेवर काहीतरी सरकवून वाजवत असे म्हणतात. आपल्या विचित्र वीणेची, दक्षिणेतल्या गोट्टुवाद्यमची तऱ्हा नेमकी हीच. पुरावा मात्र तोकडा आहे. अभिमानाची घाई करू नये.

1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं. अडचण एकच होती, आवाज. लाकडी गिटार सभागृहात पुरत नसे. लॉस एंजेलिसच्या हर्मन वायसेनबॉर्नने कोआ लाकडाच्या, मानेपर्यंत पोकळ असलेल्या गिटारी केल्या. 1927 च्या सुमारास जॉन डोपेरा आणि जॉर्ज बोशाम्प यांनी जर्मन सिल्व्हरच्या धडात ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवून ‘नॅशनल ट्रायकोन’ काढली. त्यानेही भागेना, तेव्हा बोशाम्प विजेकडे वळला. 1931 मध्ये लाकडाचा नमुना आणि 1932 मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतीव धडाची गिटार विकायला तयार. गोल धड, लांब दांडा. लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणायला सुरुवात केली. ती बनवणारी कंपनीच पुढे रिकनबॅकर म्हणून गाजली. म्हणजे ज्या इलेक्ट्रिक गिटारीवर रॉक संगीताची सगळी इमारत उभी राहिली, तिचा बाजारात चाललेला पहिला अवतार खांद्याला अडकवायचा नव्हताच, मांडीवर ठेवायचा होता. हे अनेक रॉकवाल्यांनाही ठाऊक नसतं.

फ्राइंग पॅन जवळून पाहण्यासारखी आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन जाड चुंबक तारांना वरून कवेत घेतात. तारा त्यांच्या पोटातून जातात आणि खाली तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, हाच तिचा पिकअप. वाजवणाऱ्याचा उजवा हात त्या चुंबकांच्या कडेला घासत राहतो, त्यामुळे जुन्या नगांवर तिथला मुलामा उडालेला दिसतो. दोष एक: ॲल्युमिनियम तापलं की प्रसरण पावतं. रंगमंचाच्या दिव्यांखाली दोन-तीन गाणी झाली की गिटार उतरलेली. म्हणून 1935 च्या सुमारास कंपनीने धड बेकेलाइटचं केलं. विजेची जुनी काळी बटणं ज्याची असत, तेच बेकेलाइट. ठिसूळ, जड आणि दिसायला तसं रुक्षच.

पण आज वादकांचा जीव जडला आहे तो याच काळ्या गिटारीवर. महायुद्धापूर्वीच्या नगांत चुंबक दीड इंच रुंद असत, युद्धानंतर ते अरुंद झाले. या पाव इंचावर जाणते लोक तासन्‌तास वाद घालतात. जेरी बर्डसारखा हवाई शैलीचा उस्ताद असो की जॅक्सन ब्राउनच्या साथीला बसणारा डेव्हिड लिंडली, दोघांनीही रिकनबॅकर जवळ केली. या गिटारीचा सूर भरीव असतो, लांब टिकतो आणि वरच्या सप्तकातही चिरका होत नाही. काही जण त्याचं श्रेय धडाला देतात, काही चुंबकाला. चुंबक काळानुसार कमजोर पडतात आणि त्यांना पुन्हा भारित करून घेता येतं, हे कळल्यापासून या वादात आणखी एक फाटा फुटला आहे: भारित केलेला नग ‘मूळ’ म्हणायचा की नाही?

संग्राहक आणि वादक यांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. संग्राहकाला ट्रायकोनवरचं शेवंतीच्या फुलांचं कोरीवकाम हवं, वायसेनबॉर्नच्या कडेची दोरखंडी किनार हवी, मूळ पेटी आणि त्या पेटीतलं मखमली अस्तरही हवं. स्क्रूची खाच झिजलेली दिसली तरी त्याच्या कपाळाला आठी. वादकाला आवाज हवा. गंमत अशी, की जुन्या लॅप स्टील एरवी दुर्मीळ मुळीच नाहीत. 1930 ते 50 या काळात अमेरिकेत गिटार आणि शिकवणी एकत्र विकायचा मोठा धंदा चाले. क्लीव्हलँडच्या ओआहू कंपनीने मुलांना शिकवण्या देत हजारो गिटारी खपवल्या. मोतिया प्लॅस्टिक चिकटवलेल्या सुप्रो आणि ओआहू आजही तिकडे माळ्यांवरून निघतात. त्यांतली एखादी, दिसायला अगदी खेळण्यासारखी, पिकअपच्या जोरावर महागड्या नगांना मागे टाकते. जुन्या वाद्यांच्या नादात खरी मौज अशा सापडण्यातच आहे. लिलावातल्या बोलीत ती नाही.

हिंदुस्थानात हे वाद्य आधी रुजलं कलकत्त्यात. सामोआत जन्मलेला टाऊ मो 1929 साली एका हवाई चमूबरोबर तिथे आला आणि पुढे 1940 च्या दशकात कुटुंबासह काही वर्षं तिथेच राहिला. त्याच्याकडून शिकलेल्या गार्नी निस यांच्यामुळे आणि नंतर काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली अशा वादकांमुळे बंगालमध्ये ही गिटार मध्यमवर्गीय घरांत शिरली. मुंबईत तिचा रस्ता सिनेमाच्या स्टुडिओतून गेला. एस. हजारासिंग हे इथलं मोठं नाव. दुसरे व्हॅन शिप्ले, मूळचे लखनौचे, व्हायोलिन आणि गिटार दोन्हींत वाकबगार. आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार त्यांनी स्वतःच्या कल्पनेने बनवून घेतली होती. पुण्याचे एनॉक डॅनियल्स अकॉर्डियनवर आणि शिप्ले गिटारीवर, या जोडीचे कार्यक्रम खूप झाले. एचएमव्हीच्या छोट्या तबकड्यांवर निघालेल्या त्यांच्या फिल्मी धुना रेडिओवर कार्यक्रमांच्या फटी बुजवायला वाजत. वादकाचं नाव कित्येकदा सांगितलंच जात नसे. त्यामुळे हा आवाज ओळखीचा असलेली आणि वाजवणाऱ्याचा पत्ता नसलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे.

आठ तारांची गिटार स्वतः का बनवून घ्यायची? हौस होतीच, पण 1957 नंतर परकीय चलनाच्या चणचणीमुळे आयातीवर कडक बंधनं आली, हेही विसरून चालणार नाही. धोबी तलावचं फुर्ताडोस 1865 पासून वाद्यं विकत आलं आहे, पण दुकान असणं वेगळं आणि परदेशी माल येणं वेगळं. जे हाताशी होतं त्यावर काम भागवायचं. कलकत्त्याच्या ‘गिवसन’ गिटारी आल्या. नाव वाचूनच ओळख पटावी अशी बेतलेली. साध्या स्पॅनिश गिटारीचा नट उंचावून तिची ‘हवाईन’ करणं ही तर घरगुती कामगिरी. अमेरिकेतून कुणी अस्सल नग आणि ॲम्प्लिफायर आणलाच, तर त्याची वीज 110 व्होल्टची आणि आपली 230. मध्ये ट्रान्स्फॉर्मर घालायला विसरलं की ॲम्प्लिफायर जळालाच.

वस्तू मूळ स्वरूपात जपण्यापेक्षा चालती ठेवण्याकडे असलेला हा कल समजून घ्यायला मुंबईपासून फार लांब जावं लागत नाही. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या नावात ज्याचं नाव टिकून आहे तो निजामपुरा, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतले यंत्रमाग पाहा. मागाचा सांगाडा दशकं जुना, कधी मुंबईतल्या एखाद्या गिरणीने मोडीत काढलेला. धोट्याची पेटी बदललेली, पिकिंग स्टिक कितव्यांदा बदललेली ते कुणी मोजत नाही, दातेरी चाकं गावातल्या फाउंड्रीत ओतलेली. माग दुरुस्त करणारा जॉबर कानाने माग ओळखतो. खटखटीत जरा वेगळा ठोका पडला की पाना घेऊन तो हजर. या मागाचा किती भाग मूळचा आहे, हा प्रश्न त्याला विचारून पाहावा. प्रश्नच कळणार नाही. मंदी आली की हेच माग किलोवर भंगारात जातात, तेव्हा जुनेपणाची किंमत शून्य. व्हॅन शिप्ले आणि काबरा यांनी गिटारीला लावलेला हात याच जातीचा होता. यंत्र आपल्या कामाला जुळवून घ्यायचं, कारखान्याने काय ठरवलं होतं याची फिकीर करायची नाही.

याचा एक तोटाही झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. जपायचं असतं हे ध्यानातच नसल्यामुळे मुंबईच्या स्टुडिओंत वाजलेल्या वाद्यांचा फार थोडा माग लागतो. त्यात कोकणपट्टीची हवा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले सांधे चार पावसाळ्यांत सुटू लागतात, पिकअपच्या बारीक तारेला गंज धरतो, कापडी वेष्टणाची जुनी वायर बुरसते. बेकेलाइट आणि ॲल्युमिनियम त्या मानाने चिवट, म्हणून इकडे जुनं काही मिळालं तर धातूचं किंवा बेकेलाइटचं मिळण्याची आशा अधिक. कोआ लाकडाची पातळ गिटार मात्र सिलिका जेलच्या पिशव्या टाकून बंद पेटीतच ठेवावी.

1980 च्या दशकात स्टुडिओंतून ही गिटार मागे पडली ती सिंथेसायझरमुळे. चरणजित सिंग हे मुंबईच्या ऑर्केस्ट्रांतले जुने गिटारवादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या सिंथेसायझर यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही, आणि पुढे युरोपातल्या डान्स संगीताच्या शौकिनांनी तिला डोक्यावर घेतलं. मींड आता बटणाने मिळू लागली होती. कांडी धरायला रियाज कोण करणार?

रियाज टिकला तो रागसंगीतात. विश्वमोहन भट्टांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून वीस तारांची मोहनवीणा केली. राय कुडरबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994 चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काबरांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशी तीन वाद्यं आखली. आता उलटा प्रवाह सुरू आहे. कॅनडाचा ब्लूज गायक हॅरी मॅन्क्स भट्टांकडे काही वर्षं शिकला आणि मोहनवीणा घेऊन तिकडच्या मंचांवर गातो. जुन्या वाद्यांच्या बाजारात कधी ती आली, तर तिची मूळ स्थिती कुठली धरायची हे लिलाववाल्यांना आधी ठरवावं लागेल.