पौर्णिमेची सहल आणि समुद्राचे उधाण

दिंडोशी, कुरार, आप्पापाडा, संतोषनगर इथल्या तरुणांना समुद्र लांब नाही. मालाड स्टेशनच्या पश्चिमेला २७१ नंबरची बेस्ट पकडली की अक्सा. तिकीट नाही, म्हणून मंडळाची आणि विहारातल्या मुलांची सहल हमखास तिथेच जाते. आपल्या अनेक सहली पौर्णिमेला जोडून ठरतात. नेमका तेव्हाच समुद्राचा जोर जास्त असतो.

उधाण म्हणजे काय?

दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात आणि भरती मोठी होते. हेच उधाण. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, तिला भांगाची भरती म्हणतात. उधाणात साधारण तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर होते, म्हणून प्रवाह जोरात असतो. खाडीच्या तोंडाशी तर अधिकच.

१६ जुलै २०२३ रोजी मार्वेच्या खाडीत मालवणीची पाच मुले उतरली. दोघे वाचले, तिघांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. वर्षावास सुरू होतो ती आषाढ पौर्णिमा भर पावसातली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. कोळी बांधव थांबतात, तेव्हा आपणही किनाऱ्यावरच थांबावे.

ओढ कशी ओळखायची?

किनाऱ्यावर आलेले पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधला भाग शांत, गढूळ दिसतो. मुले तिथेच उतरतात. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. उलट पोहून दमू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा. अक्साला वाळूतले खड्डेही जागा बदलतात. काल गुडघाभर असलेले पाणी आज गळ्यापर्यंत असू शकते.

मस्ती म्हणून विषय संपवू नका

कोणी बुडाले की ‘मस्ती नडली’ म्हणतात. पण ही मुले पोहायला शिकणार कुठे? गावाकडे पोरे विहिरीत शिकतात. आपल्या आजोबांना अनेक गावांत ती विहीरच बंद होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. पोहता येणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. कांदिवलीला पालिकेचा तरणतलाव आहे, पण वस्तीतल्या कुटुंबाला त्याची फी जड जाते. सवलतीच्या दरात प्रशिक्षण मिळावे, ही मागणी वॉर्डाकडे लेखी गेली पाहिजे.

सहलीआधी एवढे करा

- भरतीची वेळ पाहा. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.
- जीवरक्षक असतील तिथेच, कमरेच्या खाली पाणी असेल तिथेच थांबा.
- दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस फक्त पाण्यावर लक्ष ठेवील.
- दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडू नका.
- कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी नको. दोरी, ओढणी, रिकामा कॅन फेका. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ किंवा १०१ ला फोन करा.

किनाऱ्यावर क्रिकेट, कबड्डी, कचरा वेचणे, गटचर्चा हे सगळे होते. पुढच्या रविवारी विहारात अर्धा तास काढून ओढीचे चित्र फळ्यावर काढून दाखवा. सहलीची तारीख त्यानंतरच ठरवा.